नवरा गेला म्हणून ती लेखिका झाली नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी लेखिकांवरचा लेख वाचला, त्यातल्या मेरी हिगिन्स क्लार्कवरच्या चौकटीबद्दल हे पत्र लिहितेय. पत्र जरा लांबेल, जागेसाठी कापायची वेळ आली तर माझ्याबद्दलचं कापा, तिच्याबद्दलचं ठेवा. चौकटीत म्हटलंय की तरुणपणी नवरा गेला, पदरात पाच मुलं, मग पोटासाठी तिने लेखणी हातात घेतली आणि बघता बघता कोट्यवधी डॉलर मिळवणारी रहस्यकथा लेखिका झाली. यातला क्रम चुकलाय, आणि तो चुकल्यामुळे सगळी गोष्टच वेगळी होऊन बसलीय. नवरा गेला १९६४ मध्ये. तिची पहिली कथा विकली गेली १९५६ मध्ये. आठ वर्षं आधी!

मी डोंबिवलीला २६ वर्षं लायब्ररी चालवते. इंग्रजी पुस्तकांचं एकच कपाट आहे, त्यातली मेरीची बहुतेक पुस्तकं मी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी आणलेली, दोनदा बाइंडिंग करून घेतलेली. तरी त्यांना वेटिंग असतं. माझ्या मेंबर बायका ती बिनधास्त घरी नेतात कारण खून असला तरी रक्ताची थारोळी नाहीत, बेडरूमची वर्णनं नाहीत, आईने आणलेलं पुस्तक दहावीतल्या मुलीच्या हातात पडलं तरी काळजी नाही. मेरीने हे ठरवून पाळलं, शेवटपर्यंत. आणि तरी भीती अशी की रात्री दाराची कडी पुन्हा एकदा बघून यावीशी वाटते. हे काही सोपं काम नाही हो.

तर तिची गोष्ट. जन्म २४ डिसेंबर १९२७, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स. वडील आयर्लंडहून आलेले, त्यांचा बार होता. मेरी सहा-सात वर्षांची असल्यापासून कविता करायची, आणि आई ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने म्हणून दाखवायला लावायची. १९३९ मध्ये एक दिवस ही सकाळी चर्चमधून घरी येते तर दाराशी गर्दी, वडील झोपेतच गेलेले. मेरी तेव्हा ११ वर्षांची. आईचं वय पन्नाशीच्या पुढे, त्या वयाच्या बाईला नोकरी कोण देणार, म्हणून तिने घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या आणि बाहेर पाटी लावली की खोल्या भाड्याने मिळतील, स्वयंपाकघर वापरायची मुभा. पुढे २००२ मध्ये मेरीने आत्मचरित्र लिहिलं त्याचं नाव त्या पाटीवरूनच, 'किचन प्रिव्हिलेजेस'. शेवटी ते घरही हातचं गेलं. आणि मग मोठा भाऊ शाळा संपवून नौदलात भरती झाला आणि १९४४ मध्ये आजारपणात गेला. सतराव्या वर्षाच्या आत घरातली दोन माणसं!

ही सगळी माहिती मी यासाठी सांगतेय की दुःखाने लेखिका घडत असती तर ती तेव्हाच घडली असती ना. तसं झालं नाही. तिने हॉटेलच्या टेलिफोन बोर्डवर काम केलं, सेक्रेटरीचा कोर्स केला, जाहिरात विभागात नोकरी केली, आणि मग १९४९ मध्ये ती नोकरी सोडून पॅन ॲम विमान कंपनीत एअर होस्टेस झाली. एक वर्ष जग बघितलं, युरोप, आफ्रिका, आशिया. चेकोस्लोव्हाकियाचं दार बाहेरच्यांना बंद व्हायच्या आधी तिथे गेलेल्या शेवटच्या काही फ्लाइटपैकी एकीवर ती होती. त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी वॉरन क्लार्कशी लग्न झालं.

आणि लग्न झाल्यावर तिने पहिली गोष्ट कुठली केली असेल तर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लेखनाच्या क्लासला नाव घातलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नवरा धडधाकट, पगार येतोय, कुठलंही संकट नाही आणि बाई क्लासला जातेय कारण तिला लिहायला शिकायचंय! तिथल्या शिक्षकांनी तिला सांगितलं की खरी घडलेली, आपल्याला माहितीची घटना घे आणि स्वतःला विचार, समजा असं झालं तर? मग तिने एअर होस्टेसच्या दिवसांतला तो चेकोस्लोव्हाकियाचा प्रवास घेतला आणि विचारलं, समजा विमानात कुणी लपून बसलेला सापडला तर? त्यातून 'स्टोअवे' ही कथा झाली. ही कथा सहा वर्षं मासिकांकडून परत येत राहिली, ४० वेळा. ४० हा आकडा नुसता वाचू नका, डोळ्यासमोर आणा, दर वेळी पाकीट, तिकीट, पोस्टात जाणं, वाट बघणं, नकार, आणि मधल्या काळात एकामागून एक मुलं होतायत, दुपटी, ताप, शाळा. शेवटी १९५६ मध्ये एका मासिकाने १०० डॉलरला घेतली.

मुलं लहान असताना ती पहाटे पाचला उठायची आणि सात वाजेपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइपरायटर घेऊन लिहायची, सातला मुलांना शाळेसाठी उठवायचं म्हणून थांबायची. आमच्या डोंबिवलीत पहाटे पाचला किती स्वयंपाकघरांत दिवा लागतो ते मला माहितीय, सहा-चाळीसची लोकल पकडायची म्हणून डबे होत असतात. त्यामुळे हे दोन तास म्हणजे काय हे मी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दिवसातले तेवढेच दोन तास असे की कुणी आई म्हणून हाक मारत नाही.

आता १९६४. वॉरनला हृदयाचा आजार आहे हे १९५९ पासून माहीत होतं. त्यानंतरच्या पाच वर्षांत तीन झटके आले, १९६४ मधल्या तिसऱ्या झटक्यानंतर मेरीने रेडिओसाठी लिहिणाऱ्या एका मैत्रिणीला फोन केला, काही काम आहे का म्हणून. ज्या दिवशी तिने ते काम घेतलं त्याच दिवशी वॉरनला चौथा झटका आला आणि तो गेला. सासूबाई तेव्हा घरीच आलेल्या होत्या, मुलगा गेला हे बघून त्या तिथेच कोसळल्या आणि त्याही गेल्या. एका रात्रीत दोन मृत्यू. मोठी मुलगी १३ वर्षांची, धाकटी ५.

म्हणजे बघा, तुमच्या चौकटीत नेमकं उलटं झालंय. लेखणी तिने दुःखानंतर उचलली नाही, दुःख आलं तेव्हा ती आधीच हातात होती आणि त्यावर घर चाललं. १५ वर्षं क्लास, नकार, पहाटेचे दोन तास हे सगळं झालेलं नसतं तर ऐन वेळी कुठल्या रेडिओने तिला काम दिलं असतं?

रेडिओचं काम म्हणजे देशभक्तांची चार-चार मिनिटांची शब्दचित्रं. चार मिनिटांत माणूस उभा करायचा, एक शब्द जास्त नाही. तिच्या कादंबऱ्या ज्या सुसाट पळतात ना, छोटी छोटी प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी जीव टांगणीला, ते मला वाटतं तिथून आलंय. याच कामातून तिला जॉर्ज वॉशिंग्टन सापडला आणि साठच्या दशकाच्या शेवटी तिची पहिली कादंबरी आली, वॉशिंग्टन आणि त्याच्या बायकोच्या संसारावर. चालली नाही. अजिबात नाही. (तीच कादंबरी २००२ मध्ये नाव बदलून पुन्हा काढली तर धडाक्यात खपली, नाव काय द्यावं हेही एक शास्त्र आहे.)

इथे ती खचली असती तर आपल्याला तिचं नावही माहीत नसतं. तिने स्वतःचंच कपाट बघितलं, आपण स्वतः काय आवडीने वाचतो, तर रहस्यकथा. मग तेच लिहायचं ठरवलं. न्यूयॉर्कमध्ये एका आईवर स्वतःच्या मुलांच्या खुनाचा खटला भरला होता, ॲलिस क्रिमिन्सचा, तो खूप गाजला होता. मेरीने तीच जुनी पद्धत लावली. समजा, आई निर्दोष असेल तर? समजा ती सुटली, दूर समुद्राकाठच्या गावात जाऊन नाव-गाव बदलून राहिली, पुन्हा लग्न झालं, पुन्हा दोन मुलं झाली, आणि एक दिवस तीही अंगणातून गायब झाली तर? ही 'व्हेअर आर द चिल्ड्रन?'. केप कॉडला घडते, जवळजवळ सगळी एका दिवसात. दोन प्रकाशकांनी नाकारली कारण लहान मुलं संकटात असलेली बायका-वाचकांना सहन होणार नाहीत म्हणे. मी माझ्या काउंटरवरून सांगते, बायकांनीच ती वाचली आणि एका बैठकीत वाचली. सायमन अँड शुस्टरने ती ३,००० डॉलरला घेतली, १९७५ मध्ये आली, आणि पेपरबॅकचे हक्क गेले १ लाख डॉलरला. तेव्हा ती ४७ वर्षांची होती.

पुढचं सगळं तुमच्या चौकटीत आहे त्यामुळे भराभर सांगते. दुसरी रहस्यकथा 'अ स्ट्रेंजर इज वॉचिंग' १५ लाख डॉलरला गेली, तिला १९८० मध्ये फ्रान्सचा रहस्यकथेचा मोठा पुरस्कारही मिळाला. २००० साली पाच पुस्तकांचा करार ६ कोटी ४० लाख डॉलरचा. एकट्या अमेरिकेत तिची १० कोटींच्या वर पुस्तकं खपली. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या रहस्यकथा लेखकांच्या संघटनेची अध्यक्ष, २००० मध्ये त्याच संघटनेचा ग्रँड मास्टर किताब. मुलगी कॅरोल पण रहस्यकथा लेखिका, दोघींनी मिळूनही लिहिलं. ३१ जानेवारी २०२० ला फ्लोरिडात गेली, ९२ वर्षांची, आणि जाईपर्यंत लिहीत होती.

पण चौकटीत एक गोष्ट राहिलीय आणि माझ्या मते ती डॉलरच्या आकड्यांपेक्षा मोठी आहे. पैसा यायला लागल्यावर ती काय करत होती? फोर्डहॅम युनिव्हर्सिटीत बी.ए. करत होती, विषय तत्त्वज्ञान. वडील गेल्यामुळे राहिलेलं कॉलेज. १९७९ मध्ये पन्नाशी ओलांडल्यावर पदवी घेतली, तीही सर्वोच्च श्रेणीत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी काउंटरवर बसून रडले होते, कारण माझंही कॉलेज एसवायला, दुसऱ्या वर्षाला, सुटलं ते सुटलंच.

आता हे सगळं मी तुम्हाला का लिहितेय. आमच्याकडे एक मेंबर आहे, चाळिशीची असेल, दर बुधवारी पुस्तक बदलायला येते, महिन्याला सहा-सात रहस्यकथा वाचते. तिने मला एकदा हळूच सांगितलं की ती स्वतः लिहिते, मुलीच्या जुन्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर. एक मी वाचलीय. आमच्याच स्टेशनच्या पुलावर एक बाई एक बॅग विसरते आणि मग काय होतं त्याची. चांगली आहे, खरंच चांगली आहे, मी म्हटलं दिवाळी अंकाला पाठव. ती नाही म्हणाली. परवा तुमची पुरवणी काउंटरवरच पडलेली होती, तिने ती चौकट वाचली आणि मला म्हणाली, "बघा ताई, हिला गरज होती. माझं घरचं सगळं व्यवस्थित चाललंय, मी कशाला लिहू?"

मला उत्तरच सुचेना. चूक तिची नाहीच. आपण लिहिणाऱ्या बाईची गोष्ट सांगताना नेहमी आधी नवरा मारतो, नाहीतर सोडून जायला लावतो, तेव्हा कुठे तिला लिहायची परवानगी मिळते. पुरुष लेखकाबद्दल कुणी असं विचारतं का? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्या काळा पहाड आणि झुंजार या नायकांच्या पुस्तकांसाठी माझे वडील पोटाला चिमटा काढून पैसे साठवायचे, पण अर्नाळकरांवर कुठलं संकट आलं म्हणून ते लिहायला लागले असं मी तरी कधी वाचलं नाही. त्यांना लिहायचं होतं, त्यांनी लिहिलं. मेरीलाही लिहायचं होतं. संसार सुखाचा चाललेला असताना लिहायचं होतं.

म्हणून विनंती आहे की येत्या रविवारी दुरुस्ती छापावी. दोन ओळी पुरेत, की पहिली कथा १९५६ ला, नवरा हयात असताना, ४० नकारांनंतर. जमलं तर पहाटे पाच ते सातचंही घाला. मी ते कात्रण कापून ठेवीन आणि बुधवारी तिच्या पुस्तकात घालून देईन.

आपली,
लायब्ररीवाली एक वाचक,
डोंबिवली पूर्व