आई-बाबांना पत्र : छपराच्या कोटेशनवर सही करण्याआधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, छपराच्या कोटेशनवर अजून सही केली नसेल तर थोडे दिवस थांबा. तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. 'छप्पर बदलणे, सामान व मजुरीसह' अशी एक ओळ आणि खाली एकच आकडा. त्या ओळीत काय धरलंय आणि काय सोडलंय, ते कळल्याशिवाय हा आकडा स्वस्त की महाग हे कोणालाच सांगता येणार नाही. माणूस चांगला असेलही. पण कागद अपुरा आहे.

आई, तू बादलीत पडणाऱ्या थेंबांचा व्हिडिओ पाठवलास, त्यात मी छताकडे बघत होते. त्या डागाला दोन कडा आहेत, एक तपकिरी वर्तुळ आणि त्याच्या आत दुसरं. लाकूड किंवा प्लास्टर भिजून वाळलं की अशी एक कड उरते, पुन्हा भिजलं की दुसरी. म्हणजे ही गळती आत्ताची नाही. आणि बादली ठेवलीस त्याच्या बरोबर वर कौल फुटलंय असंही धरून चालू नका. पाणी वाशाच्या अंगानं सरकत सरकत येतं आणि जिथे अडतं तिथे टपकतं. खरी जागा दोन-तीन मीटर वर, आढ्याच्या बाजूला असू शकते. म्हणूनच मागच्या दोन वेळा कौलं बदलूनही थेंब थांबला नाही.

आमचं छप्पर बदललं तेव्हाची एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. तुम्हाला घोर लागेल म्हणून. काम सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी कारागिरानं मला परांचीवर बोलावलं. जुनं आवरण काढलेलं होतं आणि वळचणीकडची वाशांची टोकं उघडी पडली होती. वरून लाकूड धड दिसत होतं, रंगही तसाच. त्यानं पेचकस टेकवला आणि हलकेच दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला ओला भुसा चिकटला होता. असे पाच वासे निघाले. घर उघडं, वर ढग जमलेले, आणि हातात नवा आकडा. अशा वेळी घासाघीस करता येत नाही, माणूस फक्त 'करा' म्हणतो. ठरल्यापेक्षा एक तृतीयांश रक्कम जास्त गेली. त्यानं लाकडात फसवलं असं मला म्हणायचं नाही, लाकूड खरंच कुजलं होतं. पण ते कुजलेलं निघालं तर काय दर लागेल, हे आधी ठरलं नव्हतं. ती चूक मला फार महागात पडली आणि तीच तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून हे एवढं लांबलचक पत्र.

बाबा, छपराचा खर्च म्हटलं की आपण कौल किंवा पत्रा डोळ्यांपुढे आणतो. पण पैसा जातो तो त्याच्या खाली आणि आजूबाजूला. जुनं उतरवणं, राडारोडा वाहून नेणं, परांची, वासे, रिपा, कौलांखाली अंथरायचा पाणी अडवणारा थर, आढ्यावरची कौलं, पन्हळी, आणि भिंत नि छप्पर मिळतात त्या सांध्यावर बसवायच्या धातूच्या पट्ट्या, ज्यांना कारागीर फ्लॅशिंग म्हणतात. यातलं निम्मं तुमच्या कागदावर नाही. कारागिराला विचारलं तर तो म्हणेल, 'ते धरलंय हो.' धरलं असेल तर लिहूनही देता येईल.

मापाचंही तसंच. घराच्या जमिनीचं क्षेत्रफळ म्हणजे छपराचं क्षेत्रफळ नव्हे. समजा, घर १० बाय ८ मीटर आहे, म्हणजे ८० चौरस मीटर. चारी बाजूंनी वळचण अर्धा-अर्धा मीटर बाहेर आली की माप ११ बाय ९ होतं, म्हणजे ९९. त्यात उतार ३० अंशांचा असेल तर प्रत्यक्ष छप्पर भरतं सुमारे ११४ चौरस मीटर. कुठे ८० आणि कुठे ११४! वर काप आणि फुटतुटीसाठी साध्या दोन उतारांच्या छपराला दहा टक्के सामान जास्त लागतं, कोपरे आणि खाचा असतील तर त्याहून जास्त. एकानं ८० वर दर लावला आणि दुसऱ्यानं ११४ वर, तर कमी दर सांगणाराच शेवटी महाग पडू शकतो. उतार मोजायला वर चढायची गरज नाही. माळ्यावर आडवी पट्टी धरा. आडव्या १ मीटरला छप्पर ५८ सेंटीमीटर चढत असेल तर उतार ३० अंशांचा. मी आले की मोजू.

आता कौलं ठेवायची की पत्रा घालायचा, हा तुमच्या दोघांतला वाद. आईला कौलंच हवीत हे मला माहीत आहे आणि मला तिचं म्हणणं पटतं, पण तिला वाटतं त्या कारणासाठी नाही. तुमची कौलं अजून चांगली असतील. भाजक्या मातीच्या कौलाचं आयुष्य मोठं असतं. बहुतेक वेळा कौल टिकतं आणि त्याखालचा थर किंवा रिपा आधी जातात. एकेक कौल उतरवताना बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द आवाज आला तर त्यात तडा आहे, बाजूला काढायचं. चांगली कौलं उतरवून रचून ठेवली, खालचं लाकूड आणि थर नवा केला आणि तीच पुन्हा चढवली, तर सामानाचा मोठा खर्च वाचतो. मजुरी थोडी जास्त लागते, कारण कौलं फेकायची नसून सांभाळून उतरवायची असतात. हा पर्याय तुमच्या ठेकेदारानं सुचवलाच नाही. पुढच्या माणसाला आपण विचारू.

पत्रा घ्यायचा झाला तर वजनाचा फायदा खरा आहे. कौलांचं छप्पर चौरस मीटरला साधारण ४० ते ६० किलो भरतं, पोलादी पत्रा चार-पाच किलो. ११४ चौरस मीटरवर एकीकडे पाच टनांच्या आसपास भार, दुसरीकडे अर्धा टन. जुन्या वाशांना त्यानं आराम मिळेल. पण हलकं छप्पर वाऱ्यानं उचललं जाण्याचा धोकाही जास्त, म्हणून ते खालच्या लाकडाला किती घट्ट धरलंय याला महत्त्व. शिवाय कागदावर नुसतं 'पत्रा ०.५० मिमी' असं लिहिलेलं चालणार नाही. ती जाडी नुसत्या पोलादाची की वरच्या मुलाम्या-रंगासकट, हे विचारायचं. दोन्हींत ०.०५ मिमीच्या आसपास फरक पडतो आणि दर मात्र जाड पत्र्याचा लावला जातो. मुलामा चौरस मीटरला किती ग्रॅम, तेही लिहून घ्यायचं. जस्ताचा असेल तर दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम हे चांगल्या पत्र्याचं माप. आणि स्क्रू. स्क्रूखालचा रबरी वॉशर फार आवळला की फाटतो, कमी आवळला की पाणी आत घेतो. पत्रा धडधाकट असताना स्क्रूपाशी गंज चढून गळणारी छपरं मी पाहिली आहेत. आईला पावसाचा आवाज सहन होत नाही, तोही विचार करायला हवा. खाली उष्णतारोधक थर घातला तर आवाज आणि ऊन दोन्ही कमी होतं, पण तो खर्च वेगळा.

आता मागच्या पडवीबद्दल, आणि हे दोघांनीही नीट वाचा. त्या पडवीवरचे करडे सिमेंटचे पत्रे फार जुने आहेत. त्या काळच्या अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज असायचं. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलेलं आहे, आणि साठहून अधिक देशांत त्यावर बंदी आहे. पत्रा अखंड असेपर्यंत फारसा धोका नसतो. तो तोडला, कापला, भोक पाडलं, कोरडा घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात. ठेकेदार म्हणाला ना, 'हातोड्यानं फोडून तासाभरात मोकळं करतो'? त्याला अजिबात हात लावू देऊ नका. तपासणी करायची, आणि ॲस्बेस्टॉस निघालं तर प्रशिक्षित माणसांकडून, ओले करून, अखंड उतरवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून नियमाप्रमाणे विल्हेवाट लावायची. याचा खर्च वेगळा येतो आणि तो टाळता येत नाही. बाबा, त्या पत्र्यावर पाय ठेवायचा तर विचारसुद्धा करू नका. जुना सिमेंटचा पत्रा काही इशारा न देता मोडतो आणि माणूस आरपार खाली जातो. तुम्ही मागच्या महिन्यात शिडी लावून वर गेला होतात हे आईनं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका. ऐकून माझे हातपाय गार पडले होते.

शेजारच्या काकांनी जुन्यावरच नवं छप्पर घालून घेतलं आणि उतरवण्याचा खर्च वाचवला, असं तुम्ही लिहिलंत. मला ते पटत नाही. खालचं लाकूड कसं आहे ते कोणी पाहिलंच नाही. कुजलेलं असेल तर ते आता झाकलं गेलं आणि वर आणखी वजन आलं. पुढच्या वेळी दोन थर उतरवावे लागतील. लाकूड कोरडं राहिलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. त्यातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. आपल्याकडे तो किती आहे हे मोजायचं साधं यंत्र असतं, दोन सुया लाकडात टोचायच्या. चांगल्या कारागिराकडे ते मिळेल.

आणखी दोघांकडून अंदाज घेऊ या. तिघांनाही एकच यादी द्यायची, नाहीतर तुलना होत नाही. मी ती तयार करते आहे. त्यात एक ओळ मी सगळ्यांत वर लिहिली आहे : कुजलेला वासा किंवा रीप बदलावी लागली तर दर मीटरला काय दर, आणि बदलण्याआधी आम्हाला दाखवून फोटो काढायचा. एवढं असलं की दुसऱ्या दिवशी येणारा धक्का निम्मा होतो. त्याशिवाय एकूण रकमेच्या पंधरा-वीस टक्के बाजूला काढून ठेवू. रोजचं काम संपल्यावर उघडा भाग ताडपत्रीनं झाकणं कोणाकडे, मजुरांचा विमा आहे का, फ्लॅशिंग नवी की जुनीच परत, हेही त्यात आहे. जुनी फ्लॅशिंग परत नकोच, गळती बहुतेक वेळा अशा सांध्यांतूनच होते. पन्हळींचं मापही लिहून घ्यायचं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाऊस उतारावर नाही, आडव्या मापावर मोजायचा, म्हणून वरच्या उदाहरणातल्या ९९ चौरस मीटरवर ५० मिमी पाऊस झाला तर जवळजवळ ५,००० लिटर पाणी खाली येतं. पन्हळ अरुंद असली तर ते भिंतीत मुरतं.

हमीच्या बाबतीत ठेकेदार म्हणतो पंचवीस वर्षं. ती कंपनीची सामानावरची हमी असेल. बसवण्यात चूक झाली तर कंपनी हात वर करते, म्हणून कामाची हमी ठेकेदाराकडून वेगळी लिहून हवी. आणि अर्धे पैसे आगाऊ मागतोय ते देऊ नका. सामान आल्यावर काही, जुनं उतरवून लाकडाचं काम दाखवल्यावर काही, आवरण चढल्यावर काही, आणि दहा टक्के पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. घराचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो सहसा वादळासारख्या अचानक झालेल्या नुकसानीला असतो, जुनं होऊन झिजण्याला नाही. तरी पॉलिसीचा कागद काढून ठेवा, आणि आई, त्या डागाचे तारखेसकट फोटो काढून ठेव.

पैशांबद्दल. बाबा, तुम्ही ठेव मोडायचं म्हणताय, ते नको. ती ठेव तुमच्या दोघांच्या दुखण्याखुपण्यासाठी आहे. दादाशी माझं बोलणं झालंय, लाकूड आणि आवरणाचा भार आम्ही दोघं उचलतो. परकं मानू नका. त्या घराच्या माळ्यावर बसून मी अभ्यास केलाय, त्या वाशांवर माझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. तो वासा बदलावा लागला तर खुणांचा तुकडा कापून ठेवायला सांगा.

पुढच्या शनिवारी सकाळी येते. मोजपट्टी, टॉर्च आणि पेचकस मी घेऊन येईन, माळ्यावर मीच चढेन. तोपर्यंत शिडीला कुलूप लावा आणि किल्ली आईकडे ठेवा. ठेकेदाराचा फोन आला तर एवढंच सांगा, 'मुलगी येतेय, मग बोलू.'

तुमची,
धाकटी