सायकलचे हँडल वर्षातून एकदा उतरवा

संपादक महोदय,

चवथ आटोपून पाऊस ओसरला, की बाल्कनीत आणि अंगणात उभ्या असलेल्या सायकली पुन्हा रस्त्यावर येतात. टायरात हवा भरली, साखळीला तेल सोडले की झाले, असा समज आहे. हँडलाच्या मुळाशी मात्र कोणी हात घालत नाही, आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत खरे नुकसान तिथेच होते.

जुन्या पद्धतीत स्टेमची, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याची, दांडी फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, नळीत उतरते आणि तळाची पाचर तिला आतून घट्ट धरते. दांडी ॲल्युमिनियमची, नळी लोखंडी, मध्ये खारा ओलावा. काही पावसाळे न हलवता गेले, की दोन्ही धातू असे चिकटतात की शेवटी स्टेम कापूनच काढावा लागतो. ते टाळायला वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करा. तो वर उचलला जाईल. त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका दिला की पाचर सुटते. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरा आणि हँडल डावी-उजवीकडे फिरवत उपसा. दांडी, पाचर आणि बोल्टचे आटे पुसून ग्रीसचा पातळ हात द्या. बसवताना दांडीवरची, किमान किती आत जायला हवे ते सांगणारी रेघ नळीत बुडालेलीच हवी. ती बाहेर राहिली तर पाचर नळीच्या आटे पाडलेल्या भागात फुगते. तिथे धातू पातळ असतो आणि नळी तिथेच चिरते. नवा स्टेम आणताना जुन्याची जाडी मोजून न्या. १ इंची फोर्कला बहुधा २२.२ मिमीचा लागतो.

१९९०च्या दशकात रुळलेल्या नव्या पद्धतीत नळीला आटेच नसतात. २८.६ मिमीच्या नळीला स्टेम बाहेरून कवटाळतो, त्यामुळे आत अडकण्याचा प्रश्न मिटला. जुन्या पद्धतीत बेअरिंग आवळायला लागणारा ३२ मिमीचा पानाही नको, ॲलन की (षटकोनी चावी) पुरते. चूक होते ती क्रमात. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केल्यावर खट्ट आवाज आला, म्हणजे हँडलाच्या मुळाशी ढिलाई दिसली, की लोक वरच्या टोपीचा बोल्ट जोर लावून आवळतात. स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट घट्ट असताना त्याने काहीच होत नाही, उलट टोपीचा बोल्ट ज्यात शिरतो तो नळीतला स्टार नट उपसला जातो. आधी बाजूचे बोल्ट सैल करा, मग टोपी पाव-पाव फेरा आवळत खट्ट जाईपर्यंत थांबा. हँडल चाकाशी सरळ करा आणि बाजूचे बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर लिहिलेल्या जोराने आवळा, बहुधा ५ न्यूटन मीटर. चाक उचलल्यावर हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे वळले पाहिजे. तरीही खट्ट जात नसेल तर बहुधा टोपी नळीच्या तोंडाला टेकते आहे, एक पातळ स्पेसर (नळीवर चढवायची कडी) वाढवा.

घरात एकच सायकल तिघे वापरत असतील तर मात्र जुनी पद्धतच सोयीची. एक बोल्ट सैल केला की रेघेपर्यंत हँडल वरखाली होते. नव्या पद्धतीत उंची स्पेसरांवर ठरते. म्हणून सायकल विकणाऱ्यांना कळकळीची विनंती, गिऱ्हाइकाला बसवून पाहिल्याशिवाय फोर्कची नळी कापू नका. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही.

— एक सायकल दुरुस्तीकार, म्हापसा