अंगठा लक्षात राहिला, वाद विसरला
चित्रपटाला किती तारे मिळाले, एवढंच पाहून हल्ली तिकीट काढलं जातं. त्यावरून अमेरिकेतल्या शिकागोचे चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट आठवले. १९६७ पासून ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकात लिहिणाऱ्या ईबर्टना १९७५ मध्ये पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, चित्रपट समीक्षकाला ते पहिलंच. पण घराघरांत पोहोचवलं टीव्हीनं. थिएटरच्या बाल्कनीसारखा सेट, पलीकडच्या खुर्चीत प्रतिस्पर्धी दैनिक ‘ट्रिब्यून’चे समीक्षक जीन सिस्केल, आणि चित्रपटांवरून दोघांची अक्षरशः हमरीतुमरी. शेवटी अंगठा वर किंवा खाली. लोकांनी नेमका अंगठाच उचलला! २००६ मध्ये कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर ईबर्टची वाचा गेली. लेखणी मात्र २०१३ मध्ये ते जाईपर्यंत चालली. आपल्या वाहिन्यांवर दोन जाणकारांना अर्धा तास असं भांडू द्यायला काय हरकत आहे?
– एक वाचक, सातारा