आवाज तेवढा खरा निघाला

सोलापूर, बुधवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय दोस्ता,

काय बे, हुबळीला गेलास आणि एकदम गायबच झालास. फोन केला की दोन मिनिटांत ‘बरंय, ठेवतो’ म्हणतोस, म्हणून म्हणलं लिहूनच टाकावं. आपल्या खेळण्यातल्या रेल्वेचं इंजिन झालं. म्हणजे झाल्यातच जमा आहे. एक बाजू वितळली, पण ते पुढं सांगतो.

आत्तेभावानं अमेरिकेहून येताना आणलेलं ते सेकंडहँड एसडी ७० मॅक आठवतंय ना, अमेरिकन डिझेल इंजिनाचं मॉडेल, एचओ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं? ते मी उन्हाळ्यात उघडलं. डोक्यात एकच, त्याचं आपलं डब्ल्यूडीजी-४ करायचं. होटगीला सिमेंटच्या मालगाडीला लागायचं ना, ते डिझेल इंजिन. दोन्ही ईएमडी या अमेरिकन कंपनीचीच पोरं, आपलं नंतर वाराणसीला डीएलडब्ल्यूमध्ये, रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात, बनायला लागलं एवढंच. मला वाटलं रंग मारला की झालं. कसलं काय! आधी पुढचा बर्फ ढकलायचा फाळ काढला (सोलापुरात बर्फ, बर्फाच्या गोळ्यावर मिळेल तेवढाच), मग टपावरची घंटा काढली, मग दोन्ही टोकांना बफर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गोल तबकड्या, लावले कारण त्यांच्याकडं ते नसतातच, कॅब तर मुळातूनच प्लास्टिकच्या शीटची नवीन केली आणि पितळी तारेचे हँडरेल वाकवता वाकवता बोटांची चाळण झाली.

आणि एक गोष्ट तर काही केल्या जमणार नाही, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, भागिले ८७ केलं की साधारण १९.३ येतं. बाजारात मिळतो तो एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो त्यांच्याकडच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरनं काढलाय. म्हणजे आपलं इंजिन समोरून बघितलं की पैलवानाला काड्यांचे पाय लावल्यासारखं दिसतं. मी सोडून दिलं. समोरून बघायचंच नाही, आडवं बघायचं.

आता वितळलेली बाजू. जुना रंग काढायचा होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून टूथब्रशनं घासायचं असतं, वेळ लागतो, पण प्लास्टिकला काही होत नाही. मला दम कुठाय! रंगाच्या दुकानातनं एनसी थिनर आणलं, गाड्या रंगवणारे वापरतात ते, आणि कापसानं फिरवलं. पहिल्या मिनिटाला रंग निघाला, दुसऱ्या मिनिटाला दरवाजांच्या रेघा निघाल्या, तिसऱ्या मिनिटाला माझं बोट आत रुतलं. ती बाजू आता इस्त्री लागलेल्या टेरीकॉटच्या शर्टासारखी दिसते. बायको म्हणाली, टाकून द्या. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, चूक तिची नव्हती तरी.

मग अक्कल चालवली. आपला लेआउट माळ्यावर भिंतीला लागून आहे, ओव्हल. चांगली बाजू बाहेरच्या अंगाला ठेवली की अलीकडच्या रुळावर इंजिन झकास दिसतं, पण भिंतीकडच्या रुळावर गेलं की आतली बाजू आपल्याकडं होते. म्हणून त्या रुळाच्या अलीकडं मिल उभी केली, कार्डबोर्डची, करवती छपराची, चिमणीसकट. वाईट बाजू मिलच्या मागनं जाते. बघणारे म्हणतात, वा, सोलापूरचं वातावरण आणलंस! मी मान हलवतो. जमिनीला आपल्या शेतातली काळी माती वापरली, ओढणीतनं गाळून. त्याआधी तिच्यात लोहचुंबक फिरवलं, लोखंडाचे कण मोटरमध्ये गेले की संपलंच. तीच माती थोडी खडूच्या पुडीत मिसळून बोगीवर, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यावर, कोरड्या ब्रशनं मारली आणि टपावर धुराड्याशी काळं. रंग मात्र तीनदा मिसळला, आपल्याच जुन्या फोटोत तो सकाळी एक दिसतो न दुपारी दुसराच.

आता खरी गंमत. परवा रात्री साउंड डिकोडर बसवला, मॉडेलमधनं त्या अमेरिकन इंजिनाचा आवाज काढणारी चिप. डीसीसीत, म्हणजे रुळातनं डिजिटल हुकूम देऊन मॉडेल चालवायच्या पद्धतीत, इंजिनाचा पत्ता चार आकड्यांपुरता जातो आणि आपल्या डब्ल्यूडीजी-४ चे नंबर पाच आकडी, बारा हजाराच्या पुढचे. म्हणून शेवटचे चारच टाकले. स्टार्ट केलं आणि बे, खरं सांगतो, हातातला चहा तसाच राहिला. तोच आवाज! आपण होटगी स्टेशनाच्या टोकाला बसून ऐकायचो तो, आधी घरघर, मग टर्बोची ती बारीक शीळ वर वर चढत जाते. मग डोक्यात प्रकाश पडला, येणारच ना, खऱ्या एसडी ७० मॅक आणि डब्ल्यूडीजी-४ दोघांच्याही पोटात तेच ७१० मॉडेलचं सोळा सिलिंडरचं इंजिन, टू स्ट्रोक, चार हजार हॉर्सपॉवर. मी चार महिने कापाकापी केली ती सगळी वरच्या सदऱ्याची, आतलं जे होतं ते पहिल्या दिवसापासनं आपलंच होतं. आल्को या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातल्या आपल्या डब्ल्यूडीएम-३डी इंजिनाला हे चाललं नसतं, तिचं फोर स्ट्रोकचं धकधक वेगळंच.

रुळांवर विजेची वायर आल्यापासनं इकडं हा आवाज कमीच झालाय. परवा मुद्दाम स्टेशनवर तासभर बसलो, सगळे इलेक्ट्रिकच. घरी येऊन माळ्यावर चढलो आणि अर्धा तास नुसतंच आयडलवर ठेवलं. आईनं खालनं विचारलं, मिक्सर चालू राहिला का रे?

पण हॉर्न अमेरिकन आहे. पाच भोंगे एकदम वाजल्यासारखा, चर्चमधल्या पेटीगत. मिलच्या मागनं सिमेंटची गाडी निघते आणि असा हॉर्न! सगळ्यावर पाणी. डिकोडरमध्ये आपली फाइल टाकता येते, म्हणून तुझ्याकडं काम आहे. तुझ्या तिथं डिझेल इंजिनांची शेड आहे, गाड्या येता-जाता दिसतातच. एखाद्या रविवारी सकाळी स्टेशनच्या बाहेर उभा राहा आणि डब्ल्यूडीजी-४ चा हॉर्न रेकॉर्ड कर. लांबचा नको, जवळचाही नको, दोनशे पावलांवरचा. एक लांब आणि एक छोटा पाहिजे. वाऱ्याकडं पाठ कर, फोनवर रुमाल धर, आणि शेजारी कुणी ‘काय शूटिंग करतोस रे’ म्हणलं तर ती फाइल पाठवू नको, पुन्हा उभा राहा.

शेंगा चटणी पाठवतोय, अर्धा किलो, येणाऱ्या माणसाच्या हाती. आधी हॉर्न पाठव, मग चटणी संपव.

तुझाच,
माळ्यावरचा स्टेशन मास्तर