चि. विनायक यास

सोलापूर

चि. विनायक यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर “मला काहीच त्रास होत नाही, मग गोळी कशाला?” असे तू म्हणालास आणि आवाज चढल्यामुळे बोलणे तिथेच राहिले. तुझा रक्तदाब १६०/१०० निघाला, डॉक्टरांनी पुन्हा तपासून गोळी सुरू केली आणि तू ती आपल्या मनाने सोडलीस, हे मला नलूकडून कळले होते. तिच्यावर रागावू नकोस.

तू आठवीत असताना मी वर्गात हृदय शिकवत होतो. मुठीएवढा तो स्नायू मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावतो, दर वेळी साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतो, म्हणजे मिनिटाला पाच लिटर होतात. इतके रक्त क्षणोक्षणी नवे तयार होणे शक्य नाही, तेच फिरून परत येत असले पाहिजे, हे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये अशाच हिशेबाने मांडले. धमन्यांतले रक्त शिरांत कसे जाते, हे त्याला पाहता आले नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १६६१ मध्ये, माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात केशिका, म्हणजे धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या अतिबारीक वाहिन्या, पाहिल्या. तेव्हा तू उभा राहून विचारलेस, “सर, हृदय सगळ्यांना रक्त देते, मग हृदयाला कोण देते?” वर्गात तू मला सरच म्हणायचास. त्या प्रश्नाचा मला इतका अभिमान वाटला की घरी येताच मी तो अण्णांना सांगितला, आणि नंतर कितीतरी दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

त्याचे उत्तर आज पुन्हा लिहितो. हृदयाच्या कप्प्यांतून एवढे रक्त वाहते, पण त्याच्या जाड भिंतीला ते थेट उपयोगी पडत नाही. महाधमनीच्या मुळाशी दोन हृदयधमन्या फुटतात, त्या या भिंतीला रक्त पुरवतात. आणि डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या खालच्या डाव्या कप्प्याच्या, भिंतीत ते मुख्यतः हृदय सैल पडल्यावरच शिरते, कारण आकुंचन पावताना तो स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. रक्तदाब चढा राहिला, की दर ठोक्याला या जवनिकेला जास्त जोर लावावा लागतो, वर्षानुवर्षे तिची भिंत जाड होत जाते, जाड भिंतीला रक्त अधिक हवे असते, आणि नेमकी तीच पूर्वीसारखी सैल होत नाही. धमन्यांचे आतले अस्तर खराब होते, मूत्रपिंडांना आणि मेंदूला इजा होते, आणि हे सगळे बहुधा काहीही न दुखता चालते. म्हणून ‘त्रास होत नाही’ हे गोळी सोडण्याचे कारण होऊ शकत नाही.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे, रात्रीची जागरणे कमी करावीत, सिगारेटचे तर मी बोलतच नाही. पाहा, पुन्हा वर्ग भरवला. तू मोठा झाला आहेस, घर चालवतोस, ताईच्या आजारपणात तू एकट्याने जे केलेस ते मी विसरलेलो नाही. क्षमा कर.

पण ‘मला काहीच त्रास होत नाही’ असे अण्णासुद्धा म्हणत. त्या वर्षी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्यासाठी ते संमती कट्ट्यापर्यंत गर्दीतून चालत गेले, परत येऊन भाकरी आणि शेंगाचटणी पोटभर जेवले, आणि चैत्र उजाडायच्या आत गेले. त्यांच्या कोटाच्या खिशात गोळ्यांची पाकिटे न फोडलेली सापडली. तुझ्या खणात तशी पाकिटे असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गोळीने पायांना सूज येत असेल किंवा कोरडा खोकला लागत असेल, तर डॉक्टरांना तसे सांग. ते दुसरी देतील. पण आपणहून बंद करू नकोस. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शांत बसून रक्तदाब मोजावा, आकडे वहीत लिहावेत आणि ती वही त्यांना दाखवावी.

नलू शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला येत आहे. आईने कमी मिठाची चटणी तिच्याबरोबर दिली आहे. गोळी पुन्हा सुरू केलीस की नाही, हे मला सांगायचे नसेल तर तिला सांग.

तुझे,
बाबा