कर्णयंत्र वाटलं की काम संपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्याकडे ज्येष्ठांना कर्णयंत्रं वाटण्याची शिबिरं होतात. चांगलंच आहे. पुढे त्या यंत्रांचं काय होतं, ते मात्र कुणी विचारत नाही.

माझे सासरे हर्णैचे तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे म्होरके. उभी हयात इंजिनाच्या धडधडीत गेली. वयानं किंवा गोंगाटानं कान जातात तेव्हा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. 'स', 'श' निसटतात. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते लागत नाही. बंदरावरच्या मासळीच्या लिलावात 'सातशे' पुकारलं की यांना 'आठशे' वाटायचं आणि हशा पिकायचा. चष्मेवाल्याला कुणी हसत नाही, बहिऱ्याला अख्खं बंदर हसतं! आधी लिलाव सुटला, मग भजन. मुंबईहून मुलाचा फोन आला की "बरं आहे" म्हणून सासूबाईंच्या हातात देतात. वाडीत बोलवा काय, तर म्हातारा शिष्ट झालाय.

बरं, हा नुसता मनाला लावून घेण्याचा प्रश्न नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यात ऐकू कमी येणं आहे, एकटेपणही आहे.

शिबिरातलं यंत्र कानाला लावलं आणि भांडी, पंखा, पत्र्यावरचा पाऊस, सगळंच अंगावर आलं. दोन दिवसांत यंत्र कपाटात. ते पुन्हा दाखवून त्याचा आवाज आपल्या कानाला जुळवून घ्यायचा असतो, स्टिकर काढलेली बॅटरी न वापरताही उतरते, आमच्या दमट हवेत रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं, यातलं काहीही तिथे सांगितलं नव्हतं. घरच्यांनी स्वयंपाकघरातून ओरडू नये, समोर येऊन तोंड दिसेल असं सावकाश बोलावं, हेही नाही. ओरडल्यानं शब्द उलट जास्त फाटतो.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजूंना अशा साधनांसाठी ३ हजार रुपये मिळतात. पण यंत्र जुळवून देणारा माणूस कुठून आणायचा? मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, पण नुसतं मशीन जुळवायला म्हाताऱ्या माणसानं रात्रीच्या एसटीनं किती खेपा घालायच्या?

तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातला एक दिवस ऑडिओलॉजिस्टसाठी (श्रवणतज्ज्ञासाठी) ठरवून द्यावा, एवढीच मागणी आहे. सुरुवात १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत केली तर बोटींवरचे तरुण खलाशीही कान तपासून घेतील. एरवी त्यांना सवड कुठली?

– एक वाचक, हर्णै (ता. दापोली)