रात्री अडीच वाजता टीव्हीवर काय?

महोदय,

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ सव्वा महिन्याचं. दर दोन-तीन तासांनी पाजायला उठावं लागतं. मध्यरात्रीनंतर अख्ख्या मंगळवार पेठेत आमच्याच घरात दिवा असेल. पाजताना डोळा लागू नये म्हणून ती आवाज बंद करून टीव्ही लावते. दिसतं काय? संध्याकाळचीच मालिका पुन्हा, ज्यात सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवतेय. नाहीतर पोट कमी करायच्या पट्ट्याची जाहिरात. ओल्या बाळंतिणीला पट्टा!

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या काकू मात्र रोज मध चाटवायला सांगतात. (वर्षाच्या आत मध देऊ नये, हे मला लेकीनंच सांगितलं. तिला मी खुशाल चाटवला होता.) दूध पुरतंय का हे कसं ओळखायचं, बाळाला नीट कसं धरायचं, उगाच रडू येत राहिलं तर कुणाला सांगायचं, हे प्रश्न नेमके रात्रीच पडतात. तेव्हा डॉक्टर झोपलेले असतात, जावईबापूही.

१९७२ पासून चालणाऱ्या मुंबई दूरदर्शनने महिलांसाठी दिवसा पुष्कळ कार्यक्रम केले. तसंच काही रात्री एक ते तीन दाखवावं. जुने भागही चालतील. फक्त खाली मराठी अक्षरं मोठी द्या. आवाज बंद असतो.

— एक आजी, मंगळवार पेठ, कोल्हापूर